जलपर्णीखालचा उपास: पाषाण तलावातल्या ऊर्जेचा हिशेब

हिवाळा सरताना पुण्यातल्या पाषाण तलावाच्या बांधावर उभं राहिलं की अनेक वर्षी पाणी नीट दिसतच नाही. दिसते ती जलपर्णी, मधूनच तिचे जांभळे तुरे, आणि वारा सुटला की ती सगळी हिरवी चादर एका अंगाला सरकते. पहिल्यांदा येणाऱ्याला हे समृद्धीचं दृश्य वाटतं. एका अर्थी ते खरंही आहे, कारण ऊन पानांत साठवण्याचं काम इथं जोरात चालू असतं. तरीही त्याच पाण्यात रोहू-कटल्यासारखे मासे तग धरत नाहीत, बुडी मारून खाणारे पक्षी उतरत नाहीत आणि तळातून कुजका वास वर येतो. उत्पादन वाढलं आणि तलाव उपाशी राहिला, हे कसं घडतं ते इथं आकड्यांनी तपासलं आहे. आकडे तलावांच्या अभ्यासात सर्रास वापरल्या जाणाऱ्या मूल्यांवरून काढले आहेत आणि हिशेब १ हेक्टर पाण्याचा धरला आहे, म्हणजे कोणत्याही तळ्याला तो लावून पाहता येईल.

आधी तलावाची ठेवण. पाषाणचा तलाव ब्रिटिश काळात रामनदीवर बांध घालून झाला. पश्चिमेच्या टेकड्यांकडून, भूगाव-बावधनमार्गे येणारं पाणी इथं थांबतं, सांडव्यावरून पुढं पाषाण, बाणेर, औंधमार्गे मुळेला मिळतं. पाणलोटात शेती होती तोवर पावसाळ्याबाहेर येणारं पाणी थोडं आणि बरंचसं स्वच्छ होतं. वस्ती वाढली तसं बारमाही पाणी येऊ लागलं, पण त्यात मैलापाणी मिसळलेलं. तलाव उथळ, पाणी संथ, ऊन भरपूर, खत फुकट. जलपर्णीला आणखी काय हवं?

निरोगी तळ्यात काय चालतं

पुण्यात वर्षाची सरासरी काढली तर १ चौरस मीटरवर दिवसाला सुमारे २० मेगाज्यूल सौरऊर्जा पडते. चांगल्या अवस्थेतल्या उथळ तळ्यात पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवक, दिवसाला चौरस मीटरमागे ५ ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन तयार करतं. प्रकाशसंश्लेषणात १ ग्रॅम ऑक्सिजन सुटतो तेव्हा साधारण १४ किलोज्यूल ऊर्जा साखरेत बांधली जाते. म्हणजे ५ ग्रॅमला ७० किलोज्यूल. पडलेल्या उन्हाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

या ७० पैकी निम्मी ऊर्जा शेवाळ स्वतःच्या श्वसनात खर्च करतं. उरलेल्या ३५ पैकी प्राणी प्लवकांच्या, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांच्या, अंगी ५ लागतात, त्यांना खाणाऱ्या लहान माशांच्या आणि पाणकिड्यांच्या अंगी ०.७, आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांच्या अंगी ०.०७. प्रत्येक पायरीवर बाकीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, ती परत येत नाही. खत फिरून वापरता येतं, ऊर्जा नाही. या विषयातली सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच आहे, आणि पुढं जलपर्णी काढण्याची चूक होते तीही इथूनच.

शाळेत शिकवलेला 'दहा टक्के नियम' हा ठोकताळा आहे, नियम नाही. फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला हिशेब पाहा. वर्षाला चौरस मीटरमागे एकूण उत्पादन २०,८१० किलोकॅलरी, शाकाहारी प्राण्यांपर्यंत पोचल्या ३,३६८, मांसाहाऱ्यांपर्यंत ३८३, सर्वांत वरच्या मांसाहाऱ्यांपर्यंत २१. टक्केवारी लावली तर १६, ११ आणि साडेपाच. पायरीगणिक गळती बदलते.

आता पक्षी. टिबुकली सुमारे २०० ग्रॅमची. तिला दिवसाला ४५० किलोज्यूलच्या आसपास अन्न लागतं, म्हणजे वजनात तिच्या निम्मे मासे आणि किडे. १ हेक्टर चांगल्या पाण्यात लहान मासे-किड्यांच्या पायरीवर दिवसाला ७,००० किलोज्यूल तयार होतात. एकही मासा न सुटता सगळं पकडलं तर १५ टिबुकल्या जगतील. दहातला एखादाच हाती लागतो असं धरलं तर एक किंवा दोन. म्हणून पक्षी कमी झाल्याचं जाणवायला तळं पूर्ण बिघडावं लागत नाही. खालच्या पायरीवर थोडी घट झाली तरी वरची पायरी रिकामी होते.

वाट कुठं फुटते

शेवाळ ऊर्जा पकडतं तेव्हा दोन गोष्टी एकाच पाण्यात राहतात: खाण्याजोगा पदार्थ आणि तो जाळायला लागणारा ऑक्सिजन. जणू लाकूड आणि त्याला लागणारी हवा एकाच खोलीत. प्राणी प्लवक ते शेवाळ खातात, त्याच पाण्यातला ऑक्सिजन वापरून पचवतात, आणि हिशेब जवळजवळ जुळतो.

जलपर्णीची पानं पाण्याच्या वर असतात. कार्बन डायऑक्साइड ती हवेतून घेते आणि ऑक्सिजन हवेतच सोडते. मुळांवाटे थोडाफार पाण्यात झिरपतो, पण खालच्या कुजण्याची मागणी त्याहून कितीतरी मोठी असते. पान पिकलं, देठ मोडला की मात्र तो सारा पदार्थ पाण्यात पडतो. म्हणजे लाकूड खोलीत आणि हवा बाहेर. त्यात वरच्या चादरीमुळं प्रकाश अडतो, खालचं शेवाळ संपतं, आणि वाऱ्यानं पाणी हलून हवेतला ऑक्सिजन मिसळायचा तोही थांबतो. ऑक्सिजन यायची दोन्ही दारं बंद आणि जाळायचा माल मात्र रोज येतो.

खताने भरलेल्या पाण्यात जलपर्णी दिवसाला चौरस मीटरमागे १५ ग्रॅम कोरडा पदार्थ सहज तयार करते, म्हणजे सुमारे २४० किलोज्यूल. शेवाळाच्या निव्वळ ३५ समोर हा आकडा सातपट आहे. पण ही पानं खाणारं इथं जवळजवळ कोणी नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, तिच्यावर वाढलेले किडे तिकडचे. त्यातले निओकेटिना भुंगे १९८०च्या दशकात भारतात सोडले गेले, आणि स्थिर पाण्यात काही ठिकाणी त्यांनी चांगलं कामही केलं, पण मैलापाण्यावर पोसलेली जलपर्णी खाल्लं जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगानं वाढते. परिणाम असा की ऊर्जा शाकाहारी प्राण्यांच्या वाटेनं न जाता थेट कुजण्याच्या वाटेला लागते.

रोजच्या १५ ग्रॅमपैकी निम्मं जरी गळून पाण्यात पडलं तरी ते कुजायला दिवसाला चौरस मीटरमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २ मीटर खोल पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असला तर चौरस मीटरखाली एकूण साठा १४ ग्रॅमचा. दोन दिवसांचीही शिल्लक नाही. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि ऊर्जेचा एक भाग मिथेनचे बुडबुडे होऊन हवेत जातो.

म्हणून तलाव 'मेला' म्हणणं मला पटत नाही. तो वेगळ्याच जिवांचा झालेला असतो. तळच्या गाळात हिमोग्लोबिनमुळं लाल दिसणाऱ्या अळ्या असतात, कमी ऑक्सिजनवर भागवणाऱ्या. क्यूलेक्स डासांच्या अळ्या पृष्ठभागाला नळी लावून हवेतलाच श्वास घेतात, त्यांना पाण्यातल्या ऑक्सिजनची पर्वा नसते, आणि त्यांना खाणारे मासे जलपर्णीच्या मुळांच्या जाळ्यात शिरत नाहीत. मॅन्सोनिया डासाची अळी तर जलपर्णीच्या मुळालाच भोक पाडून तिथली हवा घेते. माशांत हवेतून श्वास घेणारे मांगूर आणि मरळ टिकतात, तिलापिया उरते. पक्ष्यांत काठच्या चिखलात अळ्या टिपणारे शेकाटे वाढतात, पानांवर चालणारे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या खूश असतात, टिबुकली आणि पाणकावळे जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा, केशवनगर, खराडी भागात मुळा-मुठेवर डासांचे उंच फिरते स्तंभ लोकांनी पाहिले. तिथं तलाव नाही, नदी आहे, पण गणित हेच. कुजण्याच्या वाटेनं गेलेली ऊर्जा पंख लावून पाण्याबाहेर पडत होती.

मैलापाणी हे खत आहे, आणि इंधनही

नायट्रोजन-फॉस्फरसची चर्चा सगळे करतात, मैलापाण्यातल्या ऊर्जेची कोणी करत नाही. एका माणसाच्या रोजच्या मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातला माल जाळायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, ४५ ते ५४ ग्रॅम धरतात. ५० धरू. १४ ने गुणलं तर माणशी ७०० किलोज्यूल. १,००० माणसांचं मैलापाणी दिवसाला ७ लाख किलोज्यूल आणतं. १ हेक्टर निरोगी तळ्यातलं सगळं शेवाळ मिळून दिवसाला ऊर्जा बांधतं तीही ७ लाख किलोज्यूलच. थोडक्यात, एका मध्यम गृहसंकुलाचं पाणी तळ्यात सोडणं म्हणजे १ हेक्टर उन्हाइतकी ऊर्जा एका नळातून ओतणं, आणि तीही सोबत ऑक्सिजन न आणणारी.

खताचा हिशेब असा: माणशी दिवसाला नायट्रोजन सुमारे १० ग्रॅम, फॉस्फरस २ ग्रॅम. १,००० माणसांचे १० किलो आणि २ किलो.

आता जलपर्णीकडे. दाट चादर चौरस मीटरला २५ किलो ओली भरते, हेक्टरला २५० टन. त्यातलं ९५ टक्के पाणी, कोरडा माल साडेबारा टन. त्यात २ टक्के नायट्रोजन धरला तर २५० किलो आणि ०.४ टक्के फॉस्फरस धरला तर ५० किलो. म्हणजे १ हेक्टर जलपर्णी मुळासकट उचलून नेली की १,००० माणसांचं २५ दिवसांचं खत तळ्याबाहेर गेलं. सव्विसाव्या दिवसापासून पुन्हा पहिल्या पानावर. वर्षातून एकदा जलपर्णी काढून प्रश्न का सुटत नाही, ते या एका भागाकारात आहे.

इथं एक गैरसमज. 'एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प) बसवला, आता प्रश्न मिटला' असं नसतं. नेहमीचा प्रकल्प बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅमवरून १०-३० पर्यंत आणतो, म्हणजे इंधन काढून घेतो. नायट्रोजन-फॉस्फरस काढण्याची स्वतंत्र टप्प्याची सोय नसेल तर खताचा बराच भाग आरपार जातो. प्रक्रिया केलेलं, वास नसलेलं, नितळ पाणीही जलपर्णी उत्तम पोसतं. म्हणून प्रकल्पाचं पाणी तळ्यात सोडण्याऐवजी बागा, बांधकाम, शौचालयांच्या टाक्या यांना वळवणं हाच खरा फायदा.

मोजायचं काय आणि कसं

सकाळी अकराला काठावरून बाटली बुडवून घेतलेला ऑक्सिजनचा आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. तळ्याचा हिशेब रात्रीनंतर कळतो. दोन वाचनं घ्यावीत: उजाडण्यापूर्वी आणि दुपारी तीनला. जागा तीन: नाला जिथं मिळतो तिथं, मध्यभागी, आणि बांधाजवळ. प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर आणि तळापासून ३० सेंटिमीटर वर. पुण्याची उंची ५६० मीटर, त्यामुळं २५ अंश सेल्सिअसला पाणी लिटरमागे ७.७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजनानं तृप्त होतं. समुद्रसपाटीचा तक्ता वापरला तर इथलं पाणी विनाकारण कमी भरल्यासारखं दिसतं. पहाटेचं वाचन ४ च्या वर असेल तर बहुतेक मासे निभावतात. २ च्या खाली गेलं की ते तोंड वर काढून धापा टाकू लागतात. पहाटेचं वाचन १ मिलिग्रॅम आणि दुपारचं १२ असं दिसलं तर खूश होऊ नये. ते शेवाळाचा अतिरेक झाल्याचं लक्षण आहे.

उत्पादन मोजायला दोन बाटल्यांची पद्धत पुरते. ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटल्या, एक पारदर्शक, दुसरी काळी, वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेली. तिसऱ्या बाटलीतला ऑक्सिजन लगेच मोजायचा, पहिल्या दोन ४ तास पाण्यात त्याच खोलीवर टांगायच्या. उदाहरणार्थ, सुरुवात ६.०, पारदर्शकमध्ये ७.५, काळीत ५.०. काळीतली घट १.० हे श्वसन, दोन बाटल्यांतला फरक २.५ हे ४ तासांतलं एकूण उत्पादन. लिटरला २.५ मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरला २.५ ग्रॅम, गुणिले १४, म्हणजे ३५ किलोज्यूल. रसायनं घालून ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत वापरत असाल तर मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड जागेवरच घालावं, नमुना घरी आणून नाही. मैलापाण्यात नायट्राइट असतं आणि ते आकडा फुगवतं, म्हणून सोडियम अझाइड मिसळलेलंच अल्कली-आयोडाइड घ्यावं. बाटलीत एक बुडबुडा राहिला तरी वाचन फुकट.

पाण्याचा नितळपणा मोजणारी सेकी तबकडीही ठेवावी: २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत काळी-पांढरी. ती दिसेनाशी होते त्या खोलीच्या दोन ते अडीचपट खोलीपर्यंत प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड पोचतो. तबकडी ३० सेंटिमीटरवर नाहीशी झाली तर २ मीटरच्या पाण्यातला खालचा सव्वा मीटर तरी अंधारात आहे, आणि अंधारात फक्त खर्च होतो.

काढताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक फवारणीची. तणनाशक मारलं की चादर तिथंच मरते. चौरस मीटरवर सव्वा किलो कोरडा पदार्थ, तो पुरता कुजायला सुमारे १.४ किलो ऑक्सिजन. खाली साठा १४ ग्रॅम. शंभरपट तूट. दृश्य साफ होतं, मासे जातात, आणि सगळं खत तिथल्या तिथं राहून पुढच्या पिढीला मिळतं. हा मार्ग कोणत्याही तळ्यात वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक काठावर ढीग घालण्याची. ओल्या जलपर्णीतून काळा रस वाहतो आणि उतारानं परत पाण्यात जातो. ढीग पाण्याच्या रेषेपासून किमान १५-२० मीटर दूर, उताराच्या उलट बाजूला, कमरेपेक्षा कमी उंच पसरावा. कडक उन्हात तीन-चार दिवसांत वजन बरंच उतरतं आणि ट्रकच्या खेपा वाचतात. ओला माल वजनाच्या मानानं जागाही फार खातो, त्यामुळं सुकवण्याआधी गाड्या भरणं महागात जातं. खत करायचं तर ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकला पाहिजे आणि उलथापालथ करून कडेचा मालही आत आला पाहिजे, नाहीतर बिया जिवंत राहतात. तळच्या गाळात पडलेलं बी १५-२० वर्षंही उगवू शकतं. आणि नाल्याच्या पाण्यावर वाढलेली जलपर्णी जड धातू शोषून घेते, म्हणून तपासणी केल्याशिवाय ती जनावरांना घालू नये, भाजीच्या वाफ्यात खत म्हणूनही नाही.

तिसरी चूक थोडी ठेवून जाण्याची. अनुकूल काळात जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. ५ टक्के उरली तर दुप्पट होत होत आठ आठवड्यांत ८० टक्के. काठच्या लव्हाळ्यात अडकलेले तुकडे हातानंच वेचावे लागतात, यंत्र तिथं पोचत नाही. उचलून झाल्यावर दर आठवड्याला दोन माणसं आणि एक होडी एवढी नेमणूक पुढच्या मोठ्या ठेक्यापेक्षा स्वस्त पडते.

चौथी चूक नेमकी उलट्या टोकाची: सगळी एकाच आठवड्यात काढणं. पाण्यात खत तसंच आहे, वर अचानक ऊन पडलं. आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरव्या रंगासारखं घट्ट होतं, रात्री शेवाळाचं श्वसनच ऑक्सिजन संपवतं आणि पहाटे मासे तरंगतात. पोकलेननं गाळ ढवळला तर त्यात अडकलेला फॉस्फरस, अमोनिया आणि सल्फाइडही वर येतं. त्यामुळं टप्प्यानं काढावी. आधी मध्यापासून बांधापर्यंतचा तिसरा हिस्सा मोकळा करायचा, तीन आठवडे पहाटेची वाचनं बघायची, ती सुधारली तर पुढचा हिस्सा. नाला मिळतो तिथं मात्र तरंगता अडसर बांधून त्यामागं मर्यादित पट्टा मुद्दाम ठेवावा आणि दर दोन आठवड्यांनी त्यातली निम्मी उचलावी. कायम तरुण राहिलेली जलपर्णी खत ओढते. म्हातारी झाली की तेच पाण्यात परत देते. अडसर दुहेरी हवा, कारण पाऊस पडला की एकेरी दोर तुटतो.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. थंडीत वाढ मंदावते आणि कमळपक्षी, पाणकोंबड्यांची पावसाळ्यातली घरटी सापडत नाहीत. जूनपर्यंत लांबलं तर पहिला मोठा पूर काम करतो, पण त्याच्या पद्धतीनं: चादर सांडव्यावरून रामनदीत, तिथून मुळेत, मुळा-मुठेतून भीमेत आणि शेवटी उजनीच्या पाण्यात. पाषाणचं पाणी मोकळं दिसतं, साडेबारा टन कोरडा माल प्रत्येक हेक्टरमागे दुसऱ्याच्या दारात जाऊन कुजतो. तेव्हा मे संपण्यापूर्वी सांडव्याच्या अलीकडं एक अडसर आणि उचलायला एक यंत्र उभं असलं पाहिजे, आणि त्या दिवशीचं पहाटेचं वाचन वहीत असलं पाहिजे, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात कोणता हिस्सा आधी उघडायचा ते अंदाजानं ठरवावं लागणार नाही.